लेस्लीची गेलेली आठवण

मेडनहेड, ३ मार्च

चि. मृणालला आजीचा जय भीम व अ. उ. आ.

चौथीची अक्षरं आहेत, चालवून घे. फोन करत नाही, कारण तुझा बाप बाजूला बसून मला शहाणपण शिकवतो.

शेजारच्या लेस्लीकडे पोलीस आले होते. तोच, चौऱ्याऐंशीचा, थंडीत गुलाबांना टोपरं घालणारा. साठ वर्षांपूर्वी ब्रिटिश फौजेत असताना म्हणे कुठल्याशा बेटावर त्याने अकरा गावकरी भिंतीला उभे करून मारले. त्यातल्या एकाची लेक आता म्हातारी झाली, तरी केस सोडत नाही. लेस्लीचा वकील म्हणतो, साहेबांची आठवणच गेली, आता खटला कसला? गल्लीतल्या बायका 'म्हाताऱ्याला छळू नका' असा अर्ज घेऊन फिरतायत. तुझ्या बापाने, सतीशने, लगेच सही ठोकली. आता माझी हवीय.

आठवण गेली म्हणे! तीन वर्षं आमचे डबे कुंपणावरून येतात-जातात. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत शिकवलं. एकदाही चुकला नाही. परवा झुणका दिला, तर म्हणाला, दिवाळीआधीच्या झुणक्यात मीठ कमी होतं, आणि त्याचा पोचा आलेल्या झाकणाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शोधला तर खरंच फ्रीजवर, त्याच्या केकसकट! अकरा माणसं तेवढी विसरला, बिचारा.

तू वकिलाच्या ऑफिसात बसतेस, सांग काय करू. लोभ असू दे, आणि लोणचं पाठव.

तुझी आजी, गयाबाई

स्टॅनमोर, ९ मार्च

ती. आजीस सविनय जय भीम, वि. वि.

पत्र ट्रेनमध्ये वाचून मोठ्याने हसले, मग हसू गेलं. तो ट्रायलला फिट आहे की नाही, यावरच सगळं अडलंय. तुझं डब्यांचं स्टेटमेंट पोलिसांच्या कामाचं आहे.

पण बाबांचा फोन आला होता. म्हणाले, आजीला आवर, त्या रस्त्यावर आपल्या लोकांचं एकच घर आहे. आणि लेस्ली सोडला तर तुझ्याशी तिथे बोलतं कोण गं? नीट विचार कर. लोणचं पाठवलंय. माया आहे तशीच ठेव.

तुझी मृणाल

मेडनहेड, २० मार्च

चि. मृणालला जय भीम, अ. उ. आ.

लोणचं पोचलं. कुणा आजाऱ्यासाठी घातलेलं दिसतंय.

अर्जवाली बाई कौतुकाने म्हणाली, अंगठाही चालेल. मी म्हटलं, सही येते, द्यायची नाही. सतीश दोन दिवस बोलला नाही. घर कसं शांत होतं!

तुला कधी सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची असताना आमची वस्ती जाळली. कोर्टात अख्ख्या गावाची आठवण अशीच गेली. जाळणारे मात्र पुढे बाजारात मला बरोबर नावाने हाक मारायचे.

सोमवारी पोलिसांना सगळे डबे सांगून आले. दुभाषी पोरगी मिठापाशी हसली. साहेब हसला नाही, त्याने मीठही लिहून घेतलं.

बापाला तुझा लोभ दाखव, त्याला गरज आहे.

तुझी आजी, गयाबाई

ता. क. पोचा आलेल्या झाकणाचा तो डबा आज घासून कुंपणावरून परत दिला. रिकामा. त्याने उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे. का, असं विचारलं नाही. विसरलेल्या माणसाने विचारलं असतं.