हळर्णच्या नदीत मारलेल्या उडीबाबत

मी गंगा सखाराम परब, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार हळर्ण, तालुका पेडणे, कोणाच्या दडपणाखाली नसताना हे लिहून देते. साखर आहे, गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. मला मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत, तेव्हा माझे मी कोणालाही देऊ शकते, असे नोटरीबाईंनी समजावले आहे.

१. घराचा माझा अर्धा भाग भावाची मुलगी गौरवी हिला. विकू नये असे वाटते, पण अट घालत नाही. गाडीतून उतरून भिंती मोजणाऱ्यांना मात्र चहा देऊ नये.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या माझ्याकडे शिकलेल्या सुविधाला. तिचा हात अजून घाईचा आहे, काजे नीट करावीत. पोस्टातले पैसे खर्च भागवून तिलाच.

३. ठरलेले लग्न मोडल्यावर डिचोलीच्या माणसांनी साखरपुड्याची साडी परत मागितली होती. मी दिली नाही, कापून उशांच्या खोळी शिवल्या. ज्याला शांत झोप हवी त्याने न्याव्यात. मला त्यांच्यावर कधी लागली नाही.

४. भाऊ सगुण. मी एकवीस वर्षांची असताना गावात परदेशी गुप्तहेराच्या सिनेमाचे शूटिंग आले. त्या मालिकेचे सिनेमे अजून निघतात, हेर तेवढा बदलतो. होड्या सगुणाने पुरवल्या होत्या. नटी पाण्याला भ्याली तेव्हा त्यानेच माझे नाव सुचवले, कारण नदीत माझ्यासारखी पोहणारी दुसरी नव्हती. मी केसांचा टोप घालून, हेराचा हात धरून होडीतून उडी मारली. आठवड्यात बातमी डिचोलीला पोचली आणि सोयरीक मोडली. हिला तिथे नेले कोणी, असे बाबांनी विचारले. सगुणाने देवीसमोर नारळावर हात ठेवून सांगितले, की त्या दिवशी आपण म्हापशाच्या बाजारात होतो. मग मला कोणी मागणी घातली नाही. आम्ही भावंडे एका छपराखाली न बोलता म्हातारी झालो.

तो सिनेमा मी कधी पाहिला नव्हता. यंदा चवथीला गौरवीने टीव्हीवर लावला. माझे तोंड कुठेच दिसत नाही. टोप आणि पाठ, एवढ्यासाठी माझा जन्म गेला. पण मी पाण्याखाली जाते तेव्हा काठावरून एक तरुण धावत येतो आणि छातीपर्यंत पाण्यात शिरतो. सगुणाला पोहता येत नाही. आवाज बंदुकांचा आहे, त्याचे तोंड मात्र 'गंगे' म्हणते आहे. मी रडले, मग संताप आला. माझ्यासाठी बुडायला निघालेला माणूस बाबांसमोर खरे बोलायला का भ्याला?

मी त्याला बोलावून तेवढा भाग दाखवला. त्याने चष्मा पुसला आणि साफ नाकारले: "तो हांव न्हय गो बाय. दुसरो कोण तरी आसतलो."

त्याला देवीची भीती आहे, हे मला कळते. खोटी शपथ घरावर येते म्हणतात, आणि त्याची बायको तरुणपणीच गेली. तो ते त्या नारळाशी जोडत असणार. आधीच्या मृत्युपत्रात मी त्याला माझ्या प्रेताजवळ येऊ देऊ नये असे लिहिले होते. ते मागे घेते.

५. माझ्या पैशांतून देवीला नारळ ठेवून ती शपथ उतरवून घ्यावी. घरच्यांना सुतक असेल, म्हणून हे सुविधाने करावे. दोष लागायचाच असेल तर माझ्या नावे लागो. मग अग्नी सगुणाने द्यावा, पण त्याआधी आपण काठावर होतो हे लोकांसमोर कबूल करून एवढे म्हणावे: "त्या दिसा हांव काठार आसलो." त्याला ते म्हणता आले नाही तर अग्नी गौरवीने द्यावा, आणि त्याला कोणी टाकून बोलू नये. उन्हात त्याला चक्कर येते. हाताला धरून घरी न्यावे.

हे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द खोडला नाही.

सही: गंगा सखाराम परब

साक्षीदार:
१. मनीषा देसाई, शेजारीण
२. बाबुराव गावस, निवृत्त शिक्षक

पेडणे, २२ नोव्हेंबर २०२४