जावळाला किती तास

६ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा तेच. दाजी म्हणतेत, "मोबाइलात बघितलं मी. मस्कत ते हैदराबाद तीन तास. आमी अहमदपूरहून पुण्याला जायला नऊ तास खातो, तरी कुरकुरत न्हाई." जसं काय विमान माझ्या खाटेपासूनच उडतंय. आक्काच्या पोराचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, अन् सख्खा मामा मी एकटा. माझ्यापायी थांबलेत. तिसरं वर्ष सरायच्या आत काढलंच पाहिजे, म्हणते तिची सासू. रागात फोन ठेवला. ठेवायला नको होता.

८ फेब्रु.
कागदावर मांडलंच एकदाचं. आमच्या बांधकामाच्या कॅम्पावरून मस्कत गाडीनं सहा तास. विमानतळावर चार तास आधी. विमान तीन. हैदराबादला बाहेर निघून बसस्टँड गाठायला तीन. नांदेडपर्यंत सहा-सात. तिथून लोह्यावरून अहमदपूर, दोन. फोटो काढून दाजीला पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "एकच दिवस ना? मग ये की."


११ फेब्रु.
फोरमनकडं गेलो. कराराचे अजून नऊ महिने बाकी. वर न बघताच त्यानं विचारलं, "कौन मरा?" कोणी न्हाई म्हणलं, भाच्याचे केस काढायचेत. लई हसला. "बाल तो यहाँ भी कटते हैं." दिवसभर सळया बांधल्या. 

१२ फेब्रु.
वरच्या खाटेवरचा शेषेराव, हिमायतनगरचा. म्हणतो, "माय गेली म्हण. दोन दिवसांत सोडतेत." सुट्टीचा फॉर्म घेऊन बसलो. कारणाच्या रकान्यात 'आई' लिहिलं. पुढचा शब्द लिहवंना. सकाळीच बोलली होती ती, बाजारातून मेथी आणली, लई कवळी हाय म्हणून. फॉर्म फाडला.
शेषेराव म्हणला, "येडा हायस. लिहून कोण मरत असतं का?"
मरत नसंल.

१५ फेब्रु.
आक्काचा व्हिडिओ कॉल. पोराला दोन शेंड्या घातल्यात, पिवळे रबर लावून. शेजारीण विचारते म्हणे, पोरीचं नाव काय ठेवलं. आक्का हसली, मग म्हणली, "गजू, सासूबाई म्हणतेत बाळ्याच्या मांडीवर बसवा. चुलत असला तरी मामाच की." बाळ्या लोह्याचा. मोटरसायकलवर तासात पोचतो. बघू म्हणलं.
"बघू काय? हाव का न्हाई तेवढं सांग. तू येतो म्हण, मी भांडते सासूबाईशी."
नेट गेलं म्हणून बंद केला. नेट होतं.

२० फेब्रु., शुक्रवार
आक्काला अजून हाव म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. दुसरा फॉर्म आणून ठेवलाय, कोरा. कंबर धरलीय, झोप पुरंना. तरी पैसे पाठवायच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिलो. मांडी कोणाचीबी असो, पोराचे कपडे अन् टोपी माझ्याकडूनच पाहिजे. बाळ्याकडून न्हाई. निरोप काय लिहू, विचारलं दुकानातल्यानं. काही न्हाई म्हणलं.
आक्काला पाठवले, पाच हजार रुपये.