खुर्चीचे मागचे दोन पाय कॅनडात

हार्लो लाइन, व्हरमाँट
सोमवार, २२ फेब्रुवारी २०२१

प्रिय युगेत,

(‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला आहे. त्यावरून भलते अर्थ काढू नकोस.)

तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा, रक्तदाब आणि डावा कान सोडला तर माझी उत्तम आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर आन्सेल्मनी आपल्याला शिकवलं होतं, की पत्रात आधी समोरच्याची प्रकृती, मग हवामान, मग हकिकत, आणि सहीनंतर एक अक्षरही लिहायचं नाही. सहीनंतर लिहितात ती माणसं आधी विचार करत नाहीत. तेव्हा हवामान : बर्फ. तुझ्याकडेही बर्फच असणार. तुझं घर माझ्या घरापासून सहाशे पावलांवर आहे आणि बर्फाला पासपोर्ट लागत नाही.

पत्राला मात्र सहाशे पावलं पुरत नाहीत. एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसले, म्हणून सांगते, हा लिफाफा आधी दक्षिणेला जाईल, तिथून भलत्याच शहरात, मग हद्द ओलांडून माँट्रियलला, आणि तीनेक आठवड्यांनी तुझ्या दारात. (मी नोकरीत असताना लोक याची तक्रार करत, तेव्हा मी त्यांना उतावळे म्हणत असे.) फोन केला असता, पण मे महिन्यात केला तेव्हा माझा आवाज ऐकून तू “राँग नंबर” म्हणालीस. युगेत, ‘राँग नंबर’ म्हणणाऱ्या त्या बाईचा आवाज मी पाऊणशे वर्षं ओळखते.

आता हकिकत. गेल्या वर्षी पंधरा मार्चला तुझ्या टेबलावर टुर्टिएर खाता खाता तू म्हणालीस, की आई टुर्टिएरच्या कणकेच्या पारीत मांसाच्या सारणाबरोबर लवंग घालत असे. मी म्हटलं, आईने जन्मात लवंग घातली नाही. तू म्हणालीस, “रेजान, तुझी जीभ वॉल्टरच्या देशात जाऊन बधिर झाली.” मी काटा खाली ठेवला, कोट घातला, आणि आता या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं सांगून रस्ता ओलांडून माझ्या देशात आले. भांडणं आपण दर महिन्याला करतो. पुढच्या रविवारी मी आलेच असते. पण सहा दिवसांत दोन सरकारांनी मिळून साथीपायी हद्द बंद केली. माझा शब्द कुणी इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. वॉल्टरने उभ्या संसारात कधी घेतला नाही.

आणि बंद किती दिवस? तर एक महिना. महिना संपत आला की आणखी एक महिना. परवाच्या शुक्रवारी अकराव्यांदा वाढवला. एक वर्ष म्हणा, दोन म्हणा, मी दात-ओठ खाईन पण बसेन. तुरुंगातल्या माणसालासुद्धा सुटकेची तारीख सांगतात. वॉल्टरच्या वेळी डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आणि बिचारा सहाव्या आठवड्यात गेला. किती सूप करायचं हे तरी कळत होतं. इथे दर वीस तारखेला मी टुर्टिएर भाजते, उद्या उघडलं तर हातात काहीतरी असावं म्हणून. (तुझ्याकडे यायचं म्हणून नव्हे. तिकडच्या फार्मसीतून गुडघ्याचं मलम आणायचं असतं.) मग उघडत नाही, आणि आठ जणांची टुर्टिएर मी एकटी नऊ दिवस खाते. अशा अकरा झाल्या. डॉक्टर म्हणतात, कोलेस्टेरॉल वाढलं. मी म्हटलं, सरकारला सांगा.

जूनमध्ये एका रविवारी हवा खायला म्हणून घडीची खुर्ची घेऊन मी तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी गेले. तिथे हद्दीवर आता फुलांच्या कुंड्यांची रांग आहे. लोक दोन्ही बाजूंनी खुर्च्या मांडून आपापल्या माणसांशी बोलत बसतात. माझं तिथे कुणी नव्हतं. मी तत्त्वाला धरून तुझ्या घराकडे पाठ करून बसले. पाचच मिनिटांत आमच्या बाजूचा अधिकारी आला. तो तिबोदो, त्याची आई माझ्याकडून फक्त पक्ष्यांची तिकिटं घ्यायची. म्हणाला, “बाई, तुमच्या खुर्चीचे मागचे दोन पाय कॅनडात आहेत.”

मी म्हटलं, “मग त्या दोघांना चौदा दिवस वेगळं ठेवा. मी पुढच्या दोघांवर बसते.”

“बाई, मी नियम सांगतोय.”

“सांग की. पण किती दिवसांचा ते सांग.”

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “मला कळलं की पहिलं तुम्हालाच सांगेन, बाई. माझी बायको पलीकडचीच आहे. सासू तिकडे आहे.”

“मग तुझं बरं चाललंय,” मी म्हटलं. तो हसला नाही, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

तुझ्या क्लोदेतने परवा कळवलं, की जानेवारीत तू चार दिवस हॉस्पिटलात होतीस, हृदयाचं काहीतरी होतं, आणि “मावशी, आईने तुला सांगू नको म्हटलंय.” मी सांगू नको म्हटलं असतं तर मला शोभलं असतं, मी धाकटी आहे. थोरलीने असं करू नये. तुझं हृदय सरकारसारखं एकेक महिन्याने वाढवून मिळत असेल, तर मला ते कळायला हवं. एवढंच.

तुझी बहीण,
रेजान

ता. क. : सिस्टर आन्सेल्म आता हयात नाहीत. तू पहिल्या रविवारबद्दल वाचलंस. दुसऱ्या रविवारी मी खुर्ची फिरवली. तेव्हापासून दर रविवारी दोन वाजता मी तिथे असते. आता तिबोदो माझ्या खुर्चीपुरता बर्फ न सांगता काढून ठेवतो.

दुसरा ता. क. : एप्रिलमध्ये आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात टुर्टिएरचा कागद सापडला. तिच्या अक्षरात आहे : ‘दोन लवंगा, कुटून. रेजानला सांगू नये. तिला लवंग आवडत नाही असं तिला वाटतं.’ हे मला गेले दहा महिने माहीत आहे. मेमध्ये मी हेच सांगायला फोन केला होता.

तिसरा ता. क. : तू कुंड्यांपर्यंत येऊ नकोस. बर्फ आहे, आणि तुझं हृदय आहे. उत्तरही लिहू नकोस, त्याला आणखी तीन आठवडे जातील. माझ्या खुर्चीवरून तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दर रविवारी दोन वाजता तिचा पडदा हलतो. मांजर म्हणू नकोस. तुझं मांजर २०१८ साली गेलं, त्याला पुरायला मी होते. हे पत्र कोणत्या रविवारी पोचेल ते मला माहीत नाही, म्हणून मी प्रत्येक रविवारी येईन. पोचलं की तो पडदा पूर्ण बाजूला सार आणि खिडकीशी बस. माझ्या मांडीवर ताट असेल. या खेपेला लवंग घातली आहे.