पोलंडचे दोन पियानो आणि आपली पेटी

बाबा, मागच्या आठवड्यात मी आईला पोलंडची गाणी ऐकवली. पोलंड म्हणजे तिकडे युरोपात, बर्फाचा मुलूख. माझी मुलगी तिथे शिकायला गेली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तिने फोनवर काही रेकॉर्डिंग पाठवली. दोन बायका पियानो वाजवतात, कधी एकाच पियानोवर शेजारी बसून, कधी दोन पियानो समोरासमोर मांडून. चाली तिथल्या खेड्यांतल्या, लग्नात नाचायच्या, लेकरू निजवायच्या. कुणा संगीतकारांनी त्या पियानोसाठी नव्याने बांधल्यात. शब्द नाहीत. ‘तुला आवडतील बघ,’ एवढंच पोरीने लिहिलं होतं. मला वाटलं, पियानो म्हणजे साहेबी वाद्य, आपल्याला त्यातलं काय कळणार. शाळेतून घरी आले होते, मेथी निवडत बसले होते, म्हणून सहज लावलं.

पहिलीच चाल नाचाची निघाली. तीन-तीन मात्रांची, आपल्या दादऱ्याच्या जवळची, पण वजन पहिल्या मात्रेवर पडत नाही. दुसरीवर पडतं, मध्येच तिसरीवर, नाचणाऱ्याने मुद्दाम उशिरा पाय आपटल्यासारखं. खालच्या सुरांवर बसलेली बाई सा आणि प धरून ठेवते, सोडतच नाही, आणि वरची त्यावर धावत सुटते. आता ही पडणार असं वाटतं, तोच खालची जरा थांबते, हिला गाठू देते आणि दोघी एका जागी येतात. एका चालीत तर सरळ तीव्र मध्यम येतो. कुणी त्याला चूक म्हणत नाही, उलट त्याच्यावर दोघी रेंगाळतात. मेथी तशीच राहिली. त्या बायकांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. मला तुम्ही आणि आई दिसायला लागलात.

अनसिंगच्या आपल्या गायन पार्टीत पेटी तुमचीच असायची. कामरगाव असो की पोहरादेवीकडची खेडी, बोलावणं आलं की जीप भरून निघायचात. घरी पेटीला कुणी हात लावायचा नाही, आईनेसुद्धा. एकदा तिने नुसतं फडकं मारायला घेतलं, तर पार्टीच्या माणसांसमोर तुम्ही म्हणालात, “तेलाचे हात कायले लावतं वो? पट्ट्या चिकट होतात.” ती फोडणीपाशी परत गेली. वांग्याच्या भाजीत त्या दिवशी मीठ जास्त पडलं आणि तुम्ही मुकाट्याने जेवलात. पण तुम्हाला न कळलेली एक गोष्ट आहे. तुम्ही वावरात गेलात की आई पेटीपुढे बसायची. भाता मिटलेलाच ठेवायची आणि नुसती बोटं फिरवायची. सूर निघायचा नाही, खाली दबणाऱ्या पट्ट्यांचा टकटक आवाज तेवढा यायचा. ओठ हलत असायचे. मी दारात उभी राहिले तरी तिला कळायचं नाही.

मग तुमची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आलात ते भिंतीकडे तोंड करून पडलात. पार्टीने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरा पेटीवाला धरला. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. माणसं भेटायला यायची, तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. एका दुपारी आईने पेटी उचलून आणली आणि तुमच्या खाटेशी मांडली. तुमची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्वच्छ निघाला.

“उचल.”

“उचलत नाई.”

“माह्या डोयासमोरून उचल म्हनलं न!”

“तुमचा डावा हात बरा हाय का नाई? मंग भाता मारा. सूर माह्यावर सोडा.”

तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत, जणू घरात कुणी परकी बाई शिरली आहे. आई पट्ट्यांवर बोटं ठेवून बसून राहिली. शेवटी तुम्ही कुशीवर झालात, हात लांब केलात आणि भाता हलवला. पेटीतून सूर आला, थोडा थरथरता, आणि आईने दचकून बोट काढून घेतलं. इतकी वर्षं तिने स्वतःचा सूर ऐकलेलाच नव्हता.

तिथून तुमची शिकवणी सुरू झाली. बोलणं कठीण, म्हणून तुम्ही बोलायचाच नाहीत. तिचं चुकलं की भाता धरून ठेवायचात. हवा बंद, सूर बंद. शुद्ध मध्यमाच्या जागी तिचं बोट नेहमी शेजारच्या काळ्या पट्टीवर, तीव्र मध्यमावर जायचं आणि पेटी मध्येच गप्प व्हायची. “सांगा न काय चुकलं,” ती चिडायची. तुम्ही नुसते पाहायचात. मग तिला सापडायचं आणि भाता परत चालायचा. उन्हाळ्यापर्यंत तुम्ही उठून बसायला लागलात. बुद्धपौर्णिमेला विहारात दोघं एका पेटीशी बसलात. मागून कुणीतरी म्हणालं, “आता बाईमानूस पेटी वाजोनार का?” आईचा हात थांबला. तुम्ही भाता न थांबवता, तुटक तुटक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, “वाजोनारी तर हेच हाय. मी निस्ता हवा भरतो.” लोक हसले, आणि तुम्हीही अर्ध्या ओठाने हसलात. तेलाच्या हातांचं पुन्हा कधी निघालं नाही.

तुमच्यानंतर आईने पेटी सोडली नाही. स्वतःच भाता मारून वाजवत राहिली, बोटं आखडेपर्यंत. आता ती माझ्याकडे वाशीमला असते. ऐकू कमी येतं, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला आणि दोन बायका वाजवतात म्हणून सांगितलं. तीव्र मध्यम आला तशी ती खुदकन हसली. “इथी तुह्या बाबानं हवा बंद केली असती.” मग विचारलं, “दोघी एकाच पेटीवर बसल्या का?”

“हो.”

“भाता कोन मारते?”

“त्याले भाता नसते वो आई.”

“मंग दुसरी कायले बसली?”

“वाजवाले. दोघीई वाजोतात.”

“दोघीई?” तिने फोन कानापासून दूर केला आणि आपल्या हाताकडे पाहत राहिली. मला वाटलं, हिला वाईट वाटलं. पण ती वेगळाच हिशोब करत होती. “तुह्या बाबाचा डावा हात तर चांगला होता,” ती म्हणाली. “खालचे सूर त्याईनं वाजवले असते, वरचे म्या. भाता तू मारला असता. आपल्या कोनाच्या ध्यानातच आलं नाई पाय.” मग पदराने फोनची काच पुसली आणि म्हणाली, “लाव, पुन्हा लाव.”

ते मला तुम्हाला कळवायचं होतं, म्हणून लिहायला बसले. कुठे टाकायचं हे मलाही माहीत नाही. माझ्या शाळेच्या पिशवीतच राहील. आई आता रोज ऐकते. शेवटी एक अंगाई आहे, दोन पियानोंची, फार संथ. तिच्या मध्यावर खालच्या सुरांचा पियानो थांबतो आणि पुढचं सगळं वरचीने एकटीने वाजवायचं असतं. आई ते शेवटपर्यंत ऐकते, मान हलवत. मी अजून एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. ती जागा आली की मी चहा ठेवायला उठते, आणि आईला वाटतं, पोरीला चहाची लय घाई.