पुढचं पान कोरं होतं

प्रिय ताई,
तुला आणि आईला इतक्या लांबून प्रेमाचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, गुडघाही हल्ली कुरकुरत नाही. आईचा खोकला कसा आहे?

काल ग्रीकच्या वर्गात सरांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या फार जुन्या ग्रीक हस्तलिखिताचा फोटो देऊन शेवटच्या अध्यायाचा अर्थ मला सांगायला लावला. बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या. घाबरल्या होत्या, म्हणून कोणाशी बोलल्या नाहीत. पुढे मेलेल्यांतून उठलेल्या येशूचं दर्शनही मी घडाघडा सांगितलं.

"बाई, हे कुठून वाचताय? पुढे कोरं आहे!" सर म्हणाले. सगळे हसले. शाळेत सिस्टरांनी पाठ करून घेतलेलं तोंडातून निघून गेलं होतं गं. ती शेवटची बारा वचनं नंतर कोणीतरी जोडली, असं सर म्हणतात.

तेव्हापासून एकच मनात घोळतंय. बाबांना मूठमाती देताना हीच वचनं वाचली होती ना? आता प्रार्थनेला डोळे मिटले की तो कोरा भागच दिसतो.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला तो अध्याय रोजच्यासारखा शेवटपर्यंत वाचून दाखव.

त्या बायका भीतीने गप्प राहिल्या. मला नाही राहवलं, म्हणून तुला लिहिलं. लवकर उत्तर दे.

तुझीच,
धाकटी