हलकी म्हणजे वजनाने

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. (या खेपेस खराखुरा घातला. उठताना टेबलाच्या कडेला डोकं आपटलं, तेवढं प्रायश्चित्त धरून घे.) गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेस ना? आम्ही इकडे ठीक, म्हणजे बायको ठीक आणि मी तिच्यासमोर यायचं टाळतो आहे.

त्या दिवशी सगळ्यांदेखत मी म्हणालो, "आत्याची गाडी हलकी आहे," आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. आत्या, मला वजन म्हणायचं होतं गं. जुन्या गाडीचं इंजिन काढून विजेची मोटर बसवायची, तर गाडी हलकीच हवी, नाहीतर बॅटरीचा सगळा जोर पत्रा ओढण्यातच जातो. मोटर मी आधीच आणून पलंगाखाली ठेवली आहे. (बायकोला टाळण्याचं कारण तेच.) पण काकांनी हौसेने घेतलेली, काका गेल्यावरही तू जपलेली ती गाडी, तिला हलकी म्हटलेलं तुला कसं रुचावं? चूक माझीच.

मग ठरवलं, आत्याच्या गाडीचं नाव काढायचं नाही, दुसरी शोधायची. गॅरेजवाल्या मिस्त्रीला बरोबर घेतलं. पहिली गाडी एका निवृत्त वकिलाची. तिचं दार लावायला आम्ही दोघं लागलो. मिस्त्री म्हणाला, हिला पुरेल एवढी बॅटरी घातली तर माणसांनी मागून चालत यायचं. दुसरी खरोखर हलकी निघाली. मी आत बसलो आणि दोन्ही पाय रस्त्याला लागले, कारण खालचा पत्रा गंजून केव्हाच गेला होता. तिसरी एका शिंप्याची, छोटी, नीटनेटकी. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढवली तर कागदावरच्यापेक्षा साठ किलो जास्त भरली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, डिकी उघडली, बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी मागच्या सीटवर अंग चोरून बसलेला शिंपी सापडला. गाडी परक्यांच्या हाती एकटी सोडवेना, म्हणून तो गुपचूप आत जाऊन बसला होता. त्याचा चेहरा बघून मी सौद्याचा नादच सोडला.

मला तू आठवलीस. तूही रोज सकाळी चादर काढून गाडी पुसतेस आणि मग पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभी राहतेस, कारण डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आहे. ते बघून मला फार वाईट वाटतं, एवढं खरं. तेव्हा राग सोड आणि माझ्याशी बोल.

तुझा,
जिभेला हाड नसलेला भाचा

ता. क. विजेच्या मोटरवरच्या गाडीत क्लच दाबावा लागत नाही. पलंगाखालची मोटर मी तुझ्याच गाडीसाठी आणली होती. जेवताना तेच सांगणार होतो, पण पहिलंच वाक्य चुकलं. (दुसरी गाडी मिळाली असती तरी तुझ्याच दारात आणून लावणार होतो.) गाडी तुझी, चालवायचीही तूच. फक्त किल्ली पाठव.

आणखी एक ता. क. चालवणार कोण, असं मिस्त्रीने काल विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, आमची आत्या, फार भारी बाई आहे. त्याने ताबडतोब पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या म्हणून लिहून घेतलं. तेव्हा किल्लीबरोबर तुझं वजनही कळव.