ढगाळ आठवड्यात भरलेली पेटी

हायुया, पोर्तो रिको
१४ नोव्हेंबर

प्रिय यारित्झा,

तू पाठवलेली बॅटरीची पेटी ठणठणीत आहे, पण घरात कुठेतरी पाणी मुरतंय असं मला दोन आठवडे वाटत होतं. वादळ होऊन दीड महिना झाला, विजेचे खांब अजून आडवेच. तुझ्या बाबांचं प्राणवायूचं यंत्र त्या पेटीवर चालतं आणि पेटी अंगणातल्या सौर पाट्यांवर. त्यात डोंगरावरचे ढग हलायचं नाव घेत नाहीत. तू सांगितलंस तशा मी पाट्या उभ्या न करता आभाळाकडे तोंड करून आडव्या ठेवते, शेजारच्या चेओच्या कोंबड्यांची घाण रोज पुसते. एवढं करून थोडीशी भर पडते, ती यंत्रानं दुपारपर्यंत फस्त करायला हवी. आणि इथे उलटंच! सोमवारी पेटीवर चाळीस टक्के होते, शुक्रवारी एकाहत्तर.

पेटी रिकामी झाली असती तर मी चोर शोधला असता. भरलेल्या पेटीचा संशय कुणावर घ्यायचा? मी चेओवर घेतला. त्याच्याकडे जनरेटर आहे आणि आपल्या ओढ्याकाठच्या केळींवर त्याचा डोळा. तो माणूस फुकट शिंकसुद्धा द्यायचा नाही, मग वीज कशाला देईल? बाबांना विचारलं तर, "ढगाआडूनही ऊन येतं, एनेइदा. तुला सगळ्यांतच खोट दिसते," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले. कुणी वायर हलवली तर कळावं म्हणून मी पेटीच्या वायरीला दोरा बांधून गेले. परतले तर दोरा जसाच्या तसा. शेवटी कुंपणावरून चेओलाच हटकलं. तो म्हणाला, "अहो वहिनी, माझ्या जनरेटरमध्ये थेंब नाही पेट्रोलचा. मीच तुमच्याकडे फोन चार्ज करायला येणार होतो!"

मी रोज सकाळी शाळेतल्या सामुदायिक स्वयंपाकघरात जाते, ती दुपारी दोनला येते. परवा तुरीच्या दाण्यांचा भात लवकर संपला म्हणून अकरालाच आले. घरात यंत्राचा आवाज नाही. नळी खिडकीच्या खिळ्याला टांगलेली आणि बाबा खुर्चीत ताठ बसून तोंडानं हवा ओढताहेत, ओठ जांभळे.  मी ओरडायला लागले तर म्हणाले, "हळू बोल. रविवारसाठी साठवतोय."

रविवारी ते छपरावरची इंटरनेटची तबकडी लावतात. ती फार वीज खाते. "फोन करीन कधीतरी रविवारी," असं तू म्हणाली होतीस, म्हणून सकाळी सातपासून फोन मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसतात. आपणहून फोन करत नाहीत, पोरीला सुट्टी एकच असते म्हणतात. तीन रविवार झाले, यारित्झा. शाळेपाशी मला रेंज येते, पण चार बायकांसमोर हे बोलवेना, म्हणून पत्र. तू ये असं मी म्हणत नाही. फक्त माझ्या फोनवर वेळ कळव, दहाला तर दहाला, म्हणजे तबकडी तेवढाच वेळ लावू. आणि जमणारच नसेल तर तेही स्पष्ट कळव. मला राग येईल, पण आठवडाभर ते श्वास तरी घेतील.

तुझीच,
आई